बोटांपलीकडच्या बाह्या

बाबांचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, बिशान स्टेशनवर मेट्रो बदलत होतो. "आत्या गेली," एवढंच म्हणाले. दुपारी शिलाई मशीनवर बसल्याबसल्याच... वुडलँड्सपर्यंत मी उभाच होतो, जागा असूनही. याला सहा आठवडे झाले. मला जे लिहायचंय ते नुसतं दुःख नाही, हे आधीच सांगतो.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याच फ्लॅटमध्ये राहायची आणि ओळखीच्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवायची. शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि त्याचा अभिमान माझ्यापेक्षा तिलाच जास्त. इतिहासाच्या वर्गात मला प्राचीन इराणी पोशाखावर बोलायचं होतं, तेव्हा "चित्र दाखव, शिवून देते," असं तीच म्हणाली. मी लॅपटॉपवर दगडात कोरलेले दरबारी दाखवले. हा चुण्यांचा घोळदार झगा दरबारातला, आणि हा पायजमा नि बाह्यांचा कोट घोड्यावरच्या भटक्या लोकांकडून आलेला. ग्रीक त्या पायजम्याला हसायचे, पण पुढे त्यांच्याच घरांत असे बाह्यांचे कोट आले.

"आधी हसायचं, मग शिवून मागायचं," आत्या म्हणाली. "कॉन्डोतल्या श्रीमंत बायकाच की रे या."

कोट सुंदर झाला. फक्त बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे चार बोटं लोंबत होत्या.

"आत्या, माप चुकलं."

"चित्रात बघ की. गारठ्यात घोड्यावर लगाम धरायचा तर बोटं झाकायला नकोत?"

"उगाच अंदाज नको करू. तुला काय कळतं त्यातलं?"

तिनं कोट माझ्या हातातून परत घेतला. दुसऱ्या दिवशी बाह्या मनगटापर्यंत आल्या होत्या.

माझं बोलणं ऐकायला ती वर्गात आली होती, ठेवणीतली साडी नेसून, शेवटच्या रांगेत. माझं बोलून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, कोट छान आहे, पण बाह्या हाताच्याही खाली यायला हव्यात. पुष्कळदा तो नुसता खांद्यावर टाकत आणि बाह्या रिकाम्या लोंबत. सगळे माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हणालो, ही टेलरची मिस्टेक आहे.

आत्याला इंग्रजी येत नव्हतं. पण टेलर आणि मिस्टेक हे दोन शब्द तिनं गिऱ्हाइकांकडून आयुष्यभर ऐकले होते.

परतताना ती म्हणाली, "एसी फार होता रे तिथं." तेव्हा बोलता आलं असतं. मी फोन बघत राहिलो. मग उद्या सांगू, परवा सांगू, असे तीन आठवडे गेले... आणि तो फोन आला.

मागच्या आठवड्यात मॅडमना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तिला सांगायला हवं होतंस."

घरी येऊन कपाटातून कोट काढला आणि बाही उलटली. तिनं कापड कापलंच नव्हतं. वीतभर आत दुमडून लांब कच्चे टाके घातले होते, दोन मिनिटांत उसवतील असे. म्हणजे शेवटच्या रांगेत बसून तिला हे सगळं माहीत होतं. पुढे येऊन, एक दोरा ओढून ती सगळ्यांना दाखवू शकली असती.

दोन्ही बाह्यांचे टाके मी काढले. कापड बोटांवरून खाली आलं. मनगटापाशी घडीची रेघ आणि सुईची बारीक भोकं तेवढी राहिली आहेत. बाबा म्हणतात, इस्त्री फिरव, जाईल. मी अजून फिरवलेली नाही.