इंदरबाईंचा छावणीचा फेरा

बातमी आली तेव्हा मी लिंबाच्या झाडावर होतो. कडा गावाजवळच्या एका वस्तीवर लग्न होतं, मी फांदीला कर्णा बांधत होतो, दोरीचं एक टोक दातात धरलेलं. खालून नवरीचा मामा ओरडला, "ओ म्हादबा, तेलगावच्या इंदरबाई गेल्या म्हनं!" दोरी दातात असली की माणसाला बोलता येत नाही, ते त्या दिवशी बरंच झालं. मी गाठ मारली, खाली उतरलो आणि मांडववाल्याशी उगीचच भांडलो. माझं असंच आहे. दुःख झालं की मला आधी राग येतो.

लग्न उरकून टेंपो काढला, पण तेलगावला पोचेपर्यंत दिवस कलला होता आणि सगळं आटोपलं होतं. ओसरीवर बायका बसल्या होत्या. बाईंची लेक मंदा दारात उभी होती. तिनं मला पाहिलं, पदर सारखा केला आणि आत निघून गेली. पाणी दिलं ते शेजारणीनं. हीच मंदा परकर-पोलक्यात होती तेव्हा मला मामा म्हणायची, माझ्या टेंपोच्या टपावर बसून बोरं खायची. आईच्या शेवटच्या फेऱ्यानंतर तिनं मला मामा म्हणणं सोडलं. का सोडलं ते निम्म्या जिल्ह्याला ठाऊक आहे. ऐन गाण्यात माझा माइक बंद पडला होता, असं लोक सांगतात.

ज्यांनी इंदरबाईंना ऐकलं नाही त्यांना काय सांगावं... रेडिओवर त्या कधी गेल्या नाहीत, त्यांची कॅसेट निघाली नाही. कारखान्याचं मोळीपूजन, दूध संस्थेची सभा, गावोगावच्या जत्रा, एवढंच त्यांचं राज्य. आवाज गोड म्हणाल तर गोड नव्हता. चुलीवरच्या भाकरीसारखा होता, जरासा करपलेला आणि म्हणूनच खमंग. ऐन जवानीपासून मी त्यांचा स्पीकरवाला. गाताना बोलता येत नाही, म्हणून आमच्या हाताच्या खुणा ठरलेल्या. बाईंनी तळहात वर केला की आवाज वाढवायचा, खाली केला की कमी करायचा, मूठ मिटली की बंद. ठसका लागला, खोकला आला की त्या पदराआड मूठ मिटायच्या आणि मी बटण फिरवायचो. लोकांना वाटायचं, बाई दम घ्यायल्यात. ढोलकीवाल्याला, पेटीवाल्यालाही मी त्या खुणा कधी कळू दिल्या नाहीत. धंद्यात एवढा तोरा पाहिजेच.

मग तो दुष्काळ आला. जत्रा बंद, सभा बंद. कारखान्यांनी, संस्थांनी माळावर चारा छावण्या उघडल्या आणि जनावरं घेऊन माणसं तिथंच राहायला गेली. जनावरांना उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं, पेंड, टँकरचं पाणी. घरातलं एक माणूस दावणीपाशी, बाकीचे घरी, आणि त्याचा सारा जीव घराकडं. बाई म्हणाल्या, "म्हादूभाऊ, लोकं आपल्याकडं येऊ शकंनात तर आपन जाऊ. सगळी छावनीतच हायत." हा शेवटचा दौरा आहे असं कुणाच्याही मनात नव्हतं. आम्ही त्याला छावणीचा फेरा म्हणत होतो. परळीच्या बाजूनं निघायचं आणि कड्याला संपवायचं असं ठरलं.

परळीकडं हवेत वीजकेंद्राची राख, पुढं सगळ्या वाटेनं फुफाटा. पहिल्याच संध्याकाळी बाईंचा तळहात वर झाला. मी आवाज वाढवला. पुढच्या छावणीत पुन्हा वर, त्याच्या पुढच्या छावणीत आणखी वर... शेवटी मशीन शिट्टी मारायला लागलं. ज्येष्ठमध झाला, लवंग झाली, हळदीचं दूध झालं.

"बाई, दवाखान्यात दाखवा," मी म्हणालो.

"कड्यानंतर दाखवू."

"कावून? आत्ता दाखवायला काय धाड भरली?"

"लोकं वाट बघायलेत, भाऊ."

वाट तर बघायचेच. बाईंनी छावणीत एक नवी रीत पाडली होती. त्यांचं एक गाणं होतं, 'ये गं कपिले घरा, सांज झाली माळावर'. त्यातल्या कपिलेच्या जागी त्या समोरच्याच्या गाईचं नाव घ्यायच्या. मधेच थांबून विचारायच्या, "तुझी कोन रे?" तो लाजत म्हणायचा, "मोरी." लगेच 'ये गं मोरे घरा...' गडी असा काही फुलायचा! खुद्द त्याचं नाव गाण्यात आलं असतं तरी एवढा सुखावला नसता. दाढीमिशीवाली माणसं आपल्या म्हशीचं नाव यावं म्हणून पोरांसारखी हात वर करायची. घरी जायचं तर सगळ्यांच्याच मनात होतं ना. गाईच्या नावानं का होईना, कुणीतरी घरी बोलावत होतं.

कड्याची ती संध्याकाळ मला पाहिल्यासारखी आठवत नाही, स्वप्नात पडल्यासारखी आठवते. चारावाटप झालेलं. धूळ अशी खाली खाली बसत होती की जनावरांचे पाय दिसेनात, नुसत्या पाठी आणि शिंगं तरंगत होती. वाढ्याचा ओला गोडसर वास, सगळीकडून रवंथीचा आवाज, आणि त्या सगळ्यावर माळाचा उजेड हळूहळू तांबडा होत चाललेला... बाई सोडलेल्या बैलगाडीवर बसल्या होत्या, पुढं बाया, मागं गडी, त्यांच्या मागं दावणीच दावणी. दोन गाणी झाली. गळा ओढत होता, पण निभलं. मग कपिलेचं गाणं आलं. बाई म्हणाल्या, "ये गं..." आणि पुढं काही आलंच नाही.

ओठ हलत होते. गळ्याच्या शिरा तटतटून आल्या होत्या. कर्ण्यातून नुसता श्वास येत होता, खरखरीत, रिकामा, आणि माझे ते दोन कर्णे तो श्वास सगळ्या छावणीवर पसरवत होते. मशीनचा लाल दिवा चालू होता. माझ्या मशीनला काही म्हणजे काही झालं नव्हतं, हे मी आज छातीठोक सांगतो. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. पदराआड मूठ मिटली. मी बटण फिरवलं.

पुढं झालं ते आमच्याच मुलखात होऊ शकतं. आमच्याकडं आवाज बंद झाला की गाणाऱ्याकडं कुणी बघत नाही, सगळे स्पीकरवाल्याकडं बघतात. वीज जाण्याची आणि वायर तुटण्याची इतकी सवय! एकजात सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. "ए म्हादबा, झोपला का बे!" "मशीन हाय का डबडं?" मी वायरी उपसल्याचं सोंग केलं. तेवढ्यात बाईंना दम मिळाला. त्यांनी पदर सारखा केला, टाळ उचलले आणि माइक बंद पडलाय, आता काय करणार, अशा चेहऱ्यानं ताल धरला. आणि गाडीपाशी बसलेल्या एका बाईनं गाणं उचललं, 'ये गं चांदे घरा...' ती साळूबाई. धनगराच्या वस्तीवरची, दोन गाई घेऊन आलेली. तिच्यामागं दुसरी, 'ये गं ढवळे घरा'. मग गडी सुरू झाले. प्रत्येक जण आपापल्या गाईचं नाव घेत होता, एकाची ओळ संपायच्या आत दुसऱ्याची उठत होती, नावं दावणीदावणीनं लांब लांब जात होती, आणि आपलं नाव ऐकून गाई हंबरत होत्या. बाई टाळ वाजवत होत्या. डोळ्यांना धार लागली होती आणि चेहरा हसत होता. इतकी वर्षं कर्णे बांधतोय, पण एवढं मोठं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. त्यात माझं मशीन नव्हतं, हे लिहिताना आजही जरा लागतं.

परतताना टेंपोत बाई कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आवाज गेला असं कुनी म्हनू नये. सोडला म्हनू द्या."

"अन् माझ्या मशीनचं काय? उद्यापासून मला कोन बोलवंल?"

बाई आवाज न करता हसल्या. "तुमचं मशीन दुरुस्त व्हईल."

नगरचा दवाखाना झाला. बोलण्यापुरता घोगरा आवाज परत आला, गाण्याचा आला नाही. बाईंनी गाणं सोडलं, असं लोकांना सांगितलं आणि लोकांनी ते मानाचं मानलं. माझं नाव मात्र 'बंद माइकवाला' पडलं, ते पडलंच. लग्नाला बोलावणारे आधी विचारायचे, "चालंल ना रे शेवटपस्तोर?" त्यातही त्या साळूबाईचं तोंड सगळ्यात मोठं. बाजारात दिसलो की लांबूनच ओरडायची, "आला बगा बंद माइकवाला!" दुसरीकडं गोष्ट फुगत चालली होती. माइक नसताना बाई एवढ्या छावणीला पुरतील अशा गायल्या, म्हणे. मंदा तेव्हा अंबाजोगाईला शिकायला होती. ती आली, तिनं हे ऐकलं, आईचा घसा पाहिला आणि सरळ हिशेब मांडला. माझ्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या भंगारानं माझ्या आईचा गळा खाल्ला." मी किती तापट आहे ते वर सांगितलंच. त्या दिवशी जीभ चावून धरली. बाई पलंगावरून माझ्याकडं बघत होत्या.

दर दिवाळीला मी जायचो. मंदा चहा ठेवायची आणि बोलायची नाही. एकदा मी बाईंना म्हणालो, "निदान लेकीला तरी सांगा." बाई म्हणाल्या, "सांगितलं तर ती रडत बसंल. कड्यानंतर दाखवू असं मीच म्हनले, ते तिला सोसनार न्हाई. तुमच्यावर रागवू द्या भाऊ. तुमच्यात जागा हाय."

बाई गेल्यावर काही आठवड्यांनी कड्यात, दूध संस्थेच्या पत्र्याखाली, गाण्याच्या वेड्यांनी आठवणींची बैठक ठेवली. माइक माझाच. मी मशीनपाशी बसलो होतो. एक म्हणाला, त्या दिवशी बाईंचं लुगडं हिरवं होतं. दुसरा म्हणाला, जांभळं. एक म्हातारा म्हणाला, "मी शेवटच्या दावनीला व्हतो. माइक नव्हता तरी बाईंचा शब्द न् शब्द कानात आला." माणसं माना डोलवत होती, डोळे मिटत होती. त्या सगळ्यांच्या आठवणीत बाई गातच होत्या. मला वाटलं, असू दे. असंच असू दे.

तेवढ्यात मंदा उठली. "तुम्ही कौतुकानं सांगताय, पण मला ऐकवत नाही. ती माइकवाचून ओरडून गायली, म्हणून तिचा गळा गेला. त्या संध्याकाळी तिला कुणी थांबवलं का नाही?" आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, सवयीनं. मी उठलो. सगळं ओठांवर आलं होतं. बाई आता नव्हत्या, माझी कसली बांधिलकी? पण 'सोडला म्हनू द्या' हे त्यांचं बोलणं काही मेलं नव्हतं. मी तसाच खाली बसलो.

साळूबाई काठी टेकत उठली. मी माइक पुढं केला तर तिनं हातानं बाजूला सारला.

"खाली बस पोरी. तुजी आय वरडली न्हाई. तिला वरडताच येत नव्हतं. मी तिच्या पायाशी बसले व्हते. गळा आधी गेला, माइक मागून. तिनं ह्या म्हादबाकडं बघून मूठ मिटली, ते बी म्या बघितलं. ह्यानं मशीन चांगलं असून बंद केलं."

मंदा पुटपुटली, "मग गायलं कोण?"

"आमी गायलो. तिला गावं लागू नये म्हनून गायलो. शेजारनीला कोपर मारलं, तिनं तिच्या शेजारनीला मारलं. आमी काय बहिऱ्या हावोत? त्यो श्वास आमाला ऐकू आला की गं." पुढं बसलेल्या दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी पदर डोळ्याला लावला. त्यांनाही ठाऊक होतं. माझ्यासारखंच त्यांनीही ते इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं आणि मला वाटत होतं, मी एकटा आहे.

मंदा माझ्यापाशी आली. "मामा, कधीच का नाही बोललात?" मी म्हणालो, "तुझी आई नको म्हणाली होती." ती माझ्या शेजारी खोक्यावर बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. बाईंना जे नको होतं तेच झालं, पण ते झालं ते बरं झालं. मग नाक पुसत म्हणाली, "आता हे लिहा. आई रागावली तर माझ्यावर रागावेल." म्हणून लिहिलं.

बैठक मोडली. मी वायर गुंडाळत होतो आणि साळूबाई एसटीची वाट बघत माझ्या टेंपोला टेकून उभी होती. माझं डोकं तापलंच. "साळूबाई, तुला सगळं ठाऊक व्हतं. मग इतकी वर्षं भर बाजारात मला कावून चिडवलंस?"

"मंग काय करावं? लोकं इचारायची, बाई गाता गाता मधीच कशा थांबल्या. कोनाला तरी बोल लावावाच लागतो. एका अंगाला तिचा गळा, दुसऱ्या अंगाला तुजं मशीन. तूच सांग, कोनाला लावू?"

टेंपोत माझ्या शेजारची जागा बाईंची. छावणीच्या फेऱ्यानंतर तिथं मी कुणाला बसू दिलं नव्हतं, वायरचं बंडल ठेवायचो. ते बंडल उचलून मागं टाकलं आणि म्हणालो, "एसटी कशाला? बस पुढं."