डिक्कीतलं पोतं

एकोडीहून निघाले त्या दिवशी मी बंडीत सगळ्यात मागं बसले होते. भातलावणीचा रोवणा नुकताच आटोपला होता, शेतातल्या बांध्या पाण्यानं तुडुंब होत्या आणि साकोलीच्या रस्त्यावर चिखलच चिखल. पुढं कासरा धरून बाबा, त्यांच्या पाठीशी आई, मग माझी पेटी, चिन्नोर तांदळाचं एक पोतं, धाकटा भाऊ रमेश आणि शेवटी मी. नाल्याच्या उतारावर बंडी पुढं झुकली तसे बाबा मागं वळूनही न बघता म्हणाले, "मागं सरक बाई. बैलाइच्या मानीवर भार येऊन राहिला." मी सरकले. नाला ओलांडून चढ लागला तेव्हा म्हणाले, "आता पुढं सरक, नाही तं मागं उलाळ होईन बंडी." मी पुढं सरकले. लहानपणापासून बंडीत माझं काम तेच, वजन होण्याचं. भंडाऱ्याच्या कॉलेजातून बीएस्सी झाले होते, लग्न झालं होतं, नवऱ्याकडे अमेरिकेला चालले होते, पण बाबांच्या लेखी त्या दिवशीही मी आधी वजन होते.

ते तांदळाचं पोतं बाबांनी माझ्याबरोबर द्यायला घेतलं होतं. विमानात एवढं नेता येत नाही हे रमेशनं त्यांना वाटेत समजावलं, बस स्टँडवर पुन्हा समजावलं. "एवढं मोठं इमान, अन् एका पोत्यानं बुडते का?" बाबा म्हणाले. आईला वेगळीच काळजी होती. "बरफ म्हंजे गाराइसारखा लागते का वो अंगाले?" तिनं मला तीनदा विचारलं, आणि मला तरी काय माहीत होतं? नागपूरची बस आली. रमेश मला नागपूरपर्यंत सोडायला बसमध्ये चढला. बाबांनी माझी पेटी वर दिली आणि एवढंच म्हणाले, "नीट बसजो बाई." खिडकीतून पाहिलं तर ते पोतं परत बंडीत नीट मधोमध सरकवत होते. मी बरोबर नव्हते, तर कशाचं तरी वजन हवंच होतं. मला तेव्हा रडू आलं.

आमचे हे साकोलीच्या कापडवाल्यांचे चिरंजीव. मिनेसोटात एका छोट्या गावी कागदाच्या कारखान्यात इंजिनीअर होते. पत्रांतून त्यांनी मला तिथलं तळं, झाडं, फ्रिज, टेलिव्हिजन सगळं कळवलं होतं. कळवलं नव्हतं ते एवढंच, की नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही आणि बसगाडी नावाची वस्तू त्या गावात नाही. हे सकाळी गाडी घेऊन कारखान्यात जायचे, आणि संध्याकाळपर्यंत मी, चार भिंती आणि खिडकी. खिडकीतून दिसायचा पांढरा रस्ता. पलीकडे काय आहे ते मी महिनोन् महिने पाहिलं नाही. एकोडीत मी दुपारी चार घरी फिरून यायची. इथे दाराबाहेर पाऊल टाकलं तर नाकातला श्वास गोठायचा.

तो हिवाळा सरता सरता मी यांना सांगून टाकलं, "मले असं कोंडून ठेवायचं असन तं तिकीट काढून द्या. मी एकोडीले जाते." हे म्हणाले, "गाडी शिक. त्याउपर नाही जमलं, तं मीच नेऊन सोडतो तुले." माणूस शब्दाचा पक्का, त्यामुळे मी घाबरले. जायचं तर होतं, पण हरून जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर यांना सोडूनही जायचं नव्हतं.

शिकवलं शेजारच्या मार्थाबाईंनी. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, स्वतःचा मोठा ट्रक चालवणाऱ्या. उन्हाळ्यात मी बरी शिकले. बर्फ पडल्यावर सगळं नव्यानं. चर्चच्या रिकाम्या पटांगणात त्या मला मुद्दाम गाडी घसरवायला लावायच्या. ब्रेकवर जोरात पाय द्यायचा नाही, गाडीचं शेपूट ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला स्टीअरिंग फिरवायचं, घाबरायचं नंतर घरी जाऊन. आमची गाडी लांबलचक, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी, आणि मागून हलकी. बर्फावर ती मागून सारखी झुलायची. मार्थाबाई म्हणाल्या, मागं वजन ठेवा, इथे सगळे डिक्कीत वाळूची पोती ठेवतात.

मला हसूच आलं. सात समुद्र ओलांडून आले, आणि इथेही मागं वजन पाहिजे. आमचे हे व्यापाऱ्याच्या घरातले. वाळू विकत घ्यायची ही कल्पनाच त्यांना सोसेना. मोठ्या शहरातल्या हिंदुस्थानी दुकानातून आम्ही हिवाळ्याचा तांदूळ एकदमच भरत होतो. हे म्हणाले, घरात ठेवण्यापेक्षा डिक्कीतच राहू दे. अशा रीतीनं आमचा तांदूळ गाडीत राहायला गेला. रोज संध्याकाळी मी पातेलं घेऊन बाहेर जायची, डिक्की उघडायची आणि भातापुरते तांदूळ काढायची. शेजारपाजारच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

यातली मेख आम्हा दोघांनाही आधी सुचली नाही. भात खाल्ला की पोतं हलकं होतं. डिसेंबरात गाडी शहाण्यासारखी चालत होती, जानेवारीत वळणावर थोडे नखरे करू लागली, आणि फेब्रुवारी सरता सरता पुन्हा शेपूट हलवायला लागली. पाहुणे जेवून गेले की दुसऱ्या दिवशी फरक कळायचा. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले होते, थांबायच्या रेघेपुढे सरळ घसरत गेले होते. आता दुसरी परीक्षा मार्चात होती. गावच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळत होती, पण पहाटेची पाळी, स्वतःच्या गाडीनं यायचं. लायसन्स मिळालं तर नोकरी, नाही तर पुन्हा ती खिडकी, आणि मग मी काही त्या घरात राहिले नसते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पाहिलं तर नवा बर्फ पडलेला, आणि पोत्याच्या तळाशी चार दिवसांचा तांदूळ. हे म्हणाले, "वाळू आणतो." दुकान उघडायला वेळ होता. मी दारापुढे पाहिलं. हिवाळाभर उपसून टाकलेल्या बर्फाचा ढीग, दगडासारखा घट्ट. मी म्हटलं, "वाळू कायले? हे काय कमी पडून राहिलं?" तांदूळ पातेल्यात काढला, यांनी लोखंडी सब्बल घेऊन बर्फाची ढेकळं फोडली, मी पोत्यात भरली. दोघांनी मिळून पोतं डिक्कीत चढवलं. बर्फावर चालायला बर्फाचंच वजन. मार्थाबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी फक्त हात हलवला.

परीक्षक जाडजूड आणि अबोल माणूस. तळ्याकाठच्या उतारावर, जिथे वळण आहे, तिथे माझ्या तोंडून निघून गेलं, "मागं सरक बाई." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी खरडलं. गाडी जराशी डुलली आणि सरळ झाली. थांबायच्या रेघेच्या अलीकडे थांबली. पास झाले. संध्याकाळी आम्ही पातेल्यातला तो तांदूळ शिजवला आणि वर भरपूर तूप घातलं. आनंदाच्या भरात पोत्याची आठवण कोणालाच राहिली नाही. एप्रिलात बर्फ वितळला, पोत्याला चिकटलेले दाणे आंबले आणि गाडीला जो वास सुटला, तो जूनपर्यंत गेला नाही.

एकोडीची माणसं मला विचारतात, बर्फात गाडी कशी चालवता? तुम्ही चिखलात बंडी हाकता तशीच, दुसरं काय. पहाटे उठून काच खरवडायची. रात्री इंजिन गोठू नये म्हणून विजेची वायर जोडून ठेवायची, गोठ्यात म्हैस बांधावी तशी. रस्ता साफ करणाऱ्या मोठ्या गाडीच्या मागं मागं शांतपणे जायचं, तिला ओलांडायची घाई करायची नाही. आता सवयीनं मला त्यात मजा येते. पहाटे अंधारात मी एकटी, हीटर चालू, दोन्ही बाजूंना निळसर बर्फ, आणि मी माझ्या कामावर चाललेली. त्या खिडकीतून जो रस्ता दिसायचा, त्याच रस्त्यावरून. मी सुखात आहे. हे सांगायला पूर्वी लाज वाटायची, आता वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी एकोडीला गेले तेव्हा बाबांना ही पोत्याची गोष्ट सांगितली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग विचारलं, "आता काय ठेवता मागं?"

"आता नवीन गाडी घेतली बाबा. तिले समोरची चाकं ओढतात. मागं वजन लागत नाही."

"असं कसं लागत नाही?" बाबा म्हणाले.

निघायच्या दिवशी रमेश मोटरसायकलवर सोडतो म्हणत होता, पण बाबांनी बंडीच जुंपायला लावली. कासरा मात्र रमेशच्या हातात दिला. स्वतः येऊन माझ्या मागं, शेवटी बसले. जन्मात मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. "काहून बाबा?" मी विचारलं. "वजन पाहिजे ना," म्हणाले. वजन ते काय राहिलं होतं त्यांचं, अर्ध्या पोत्याएवढंही भरलं नसतं. नाल्याच्या उतारावर रमेश ओरडला, "मागं सरका बाबा." तसे बाबा माझ्या खांद्याला धरून बोटभर मागं सरकले. तो हात मला अजून खांद्यावर कळतो.

बाबा आता फारसे बाहेर पडत नाहीत, ओट्यावर बसून असतात असं रमेश कळवतो. कोणी मला विचारतं, तुमचं घर कोणतं, इथलं की तिथलं? मी राहते ते घर इथलं, हे मी सरळ सांगते. पण मी इथे सरळ चालते ती मागं कोणी बसलं आहे म्हणून. तळ्याकाठच्या उतारावर, वळण आलं की, नव्या गाडीला गरज नसतानाही माझ्या तोंडून निघतं, "मागं सरका बाबा."

आमचे हे शेजारी बसलेले असले की मागं वळूनही न बघता म्हणतात, "सरकले."