रुमालाखालची दोन बोटं

थोरल्या भावाला मी मारलं, हे परतवाड्याच्या अख्ख्या बैलबाजारानं पाहिलं. त्याआधीचं मात्र रुमालाखाली घडलं, म्हणून ते कुणालाच दिसलं नाही. माझं भांडण तेव्हापासून एवढ्याचसाठी आहे.

आणे जाऊन नवे पैसे चालू झाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही वेगळे झालो होतो. वाटणीत त्यानं शेत घेतलं आणि मला एक लंगडा गोऱ्हा दिला. त्या गोऱ्ह्यापासून मी बैलांचा धंदा उभा केला. त्या दिवशी तो माझ्याच दावणीपाशी आला आणि माझी सगळ्यात देखणी जोडी मागू लागला.

"भावाले तरी बाजारभाव नोको सांगू."

"वाटणीच्या वक्ताले भाऊ नाई आठवला तुले?"

लोक हसले. त्यानं रुमाल टाकला. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा रुमालाखाली विकणाऱ्याची बोटं धरतो. जितकी बोटं तितके शेकडे. विकणाऱ्यानं उलट दाबलं की सौदा पक्का, आणि रुमाल निघेपर्यंत पकड सुटता कामा नये. सुटली तर माणसानं शब्द फिरवला.

त्यानं माझी चार बोटं धरली. मी दाबलं. आणि त्याची बोटं सुटली. ओढून घेतली नाहीत. ओल्या कणकेसारखी गळून गेली. मी वर पाहिलं, तर तोंड एका बाजूला वाकडं करून तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, हसतोय.

"बोल फिरवतो? साऱ्या बाजारात?"

कानशिलावर हाणली. तो आडवा झाला, डोकं बंडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर आपटलं. मी थांबलो नाही. बरगडीत दोन लाथा घातल्या. चौघांनी मला धरलं, त्यातल्या एकाच्या मनगटाला मी चावलो. मग भाऊ ओकला, आणि सगळ्यांनी पाहिलं की त्याचा उजवा पाय हलत नाही.

कापसाच्या ट्रकमधून त्याला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून वहिनीचे दोघे भाऊ कबुतरांची टोपली घेऊन आले. लकव्यावर तेच औषध, म्हणाले. व्हरांड्यात चार कबुतरांच्या माना चिरल्या आणि ते गरम रक्त त्याच्या मेलेल्या हातावर चोळायला लागले. डॉक्टरनं टोपलीला लाथ मारली.

"रक्त काय चोळता? त्याच्या डोक्यात रक्तच सांडलंय! मेंदू रक्तावर जगतो, पण रक्त शिरेच्या आतच पाहिजे. शिरेचं अस्तर पारखून पारखून एकेक वस्तू मेंदूत सोडतं. शीर फुटली की तेच रक्त मेंदूला जाळतं."

मी म्हटलं, "भारी इंजेक्शन द्या."

"दिलं तरी ते रक्तात फिरेल. मेंदूच्या दारात हे अस्तर बहुतेक औषधं अडवतं."

"अस्तर फाटलं म्हणता ना? मग फाटलं तिथूनच घाला."

"फाटलं तिथून पाणी शिरतंय, म्हणून तर सूज चढतेय. इथं घासाघीस चालत नाही."

शेवटी मी विचारायचं ते विचारलं. शीर माझ्या मारानं फुटली का?

"रक्तदाब फार आहे. शिरा कित्येक वर्षांच्या झिजलेल्या. आपोआपही फुटली असेल, पडल्यानंही असेल. आता सांगता यायचं नाही."

वहिनीनं 'पडल्यानंही' तेवढंच ऐकलं. हातातला तांब्या तिनं माझ्या कपाळावर मारला. "यायले तुमीच मारलं, भाऊजी!" मग तिच्या भावांनी मला व्हरांड्याच्या खांबाला दाबून बडवलं. समोरचा एक दात तिथंच पडला. मी एकाचं नाक फोडलं. "हात आधी गेला होता! माह्या हातात गेला!" मी ओरडत होतो. कुणी ऐकेना.

तीन आठवड्यांनी भावाची सूज उतरली. वाचा गेली होती, पण विचारलेलं कळत होतं आणि डावा हात चालत होता. मी सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं आणि त्याच्या डाव्या हातावर रुमाल टाकला.

"दादा, हात आधी गेला असंल तर माहं एक बोट धर. माह्या मारानं गेला असंल तर दोन."

त्यानं एक बोट धरलं. घट्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात काढणार, तोच त्यानं दुसरंही धरलं, आणि दोन्ही मिळून असं पिळलं की हाडं कडकडली. म्हणजे हात आधी गेला, आणि उरलेलं मी केलं.

मी रुमाल ओढला आणि सगळ्यांना एक बोट दाखवलं.

"पाह्यलं कोनं?" वहिनी म्हणाली.

भाऊ दिवाळीआधी गेला. तिच्या भावांनी मला खांदा देऊ दिला नाही. स्मशानाच्या वाटेवर काठ्या घेऊन उभे होते. पहिलं बोट खरं होतं. ते एकानंही मानलं नाही, आणि तो राग अजून माझ्या हातात आहे. दुसऱ्या बोटाचं मला कधी कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.