पालथ्या हाताने

“इतना तेल! पकौड़े तलोगे क्या मेरे?” शेजारच्या खाटेवरची आजी पुटपुटली.

“तल भी दूँ, तो तुम कड़क ही निकलोगी,” तिचा नवरा म्हणाला आणि दोघंही हसली.

आमच्या टाउनशिपच्या दवाखान्यात आई बरेच दिवस पडून होती. आजारपणाने तिची कातडी इतकी नाजूक झाली होती, की पांघरूणसुद्धा खुपायचं. माझ्या हातून तिला दुखेल या भीतीने मी तिला स्पर्शच करत नव्हते. नुसती चादर सारखी करत बसायचे आणि त्या आजोबांकडे चोरून बघायचे.

क्वार्टरपुढच्या झेंडूच्या पाकळ्या तिळाच्या तेलात घालून उन्हात मुरवलेलं तेल ते रोज आणायचे. बाटली शर्टाच्या आत धरून कोमट करायचे. मग आजीच्या हातांना ते तेल लावायचे, पण पालथ्या हाताने, अगदी सावकाश.

त्या दिवशी त्यांनी मला बघताना पकडलं. न विचारताच आपला तळवा माझ्यापुढे धरला. तो भेगाळलेला, खरखरीत होता.

“लेथ मशीन पे उम्र गई, बिटिया. हथेली इसको चुभती है. तो उल्टे से सीख लिया.”

मी त्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या. माझे हात तर मऊच होते.

त्यांनी बाटली पुढे केली. मी ती घेऊन आईच्या खाटेवर, तिच्या अगदी जवळ बसले.

“आई,” मी म्हटलं, “दुखलं तर लगेच सांग हं.”