स्टाइनारने हात वर केला

माझा भाऊ स्टाइनार अकरा मोसम नॉर्वेच्या सर्वांत वरच्या विभागात फुटबॉल खेळला, दोन वर्षं डेन्मार्कमध्ये खेळला आणि राष्ट्रीय संघाकडून नऊ मिनिटं. ती नऊ मिनिटं आईच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहेत: लाल जर्सी, वर काच, काचेवर छोटा पितळी दिवा. दर शनिवारी आई तो दिवा पुसते. माझ्या लग्नाचा फोटो स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी आहे, कॅलेंडरच्या वर. महिना बदलताना आईचा हात लागतो आणि तो तिरका होतो. मी गेले की सरळ करते.

आमच्या टेर्नवोग गावात असलं कुणी बोलून दाखवत नाही. मीही पन्नाशी उलटेपर्यंत दाखवलं नव्हतं.

लहानपणी आम्ही एकाच संघात होतो. मासळीच्या कारखान्यामागे खडीचं मैदान होतं, पडलं की गुडघ्यात खडे रुतायचे. बारा वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्र खेळत. मी मधल्या फळीत, आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान स्टाइनार मागे कुठेतरी, नाक पुसत. त्याचा डावा पाय म्हणजे नुसता उभं राहण्यापुरता. एका उन्हाळ्यात मी त्याचा उजवा बूट तळघरात बटाट्यांच्या पेटीत लपवला आणि सांगितलं, डाव्याने मारलास तरच खेळायला घेईन. सहा आठवडे तो रडत रडत डाव्याने मारत होता. पुढे वर्तमानपत्रं लिहायची, ‘स्टाइनारचा उपजत डावा पाय’. उपजत! मी ते कात्रण आईच्या वहीत चिकटवलेलं पाहिलं आणि वही मिटून ठेवली.

तेरावं लागलं आणि माझं खेळणं संपलं. गावात मुलींचा संघ नव्हता. स्टाइनारला मात्र दोन वर्षांनी शहरातल्या क्लबने बोलावलं. बाबा आठवड्यातून दोनदा त्याला गाडीत घालून फेरीबोटीने पलीकडे नेत, पुढे चाळीस मिनिटं रस्ता. ते परत येईपर्यंत मी बटाटे सोलून, उकडून, झाकून ठेवायची. शहरात मुलींचाही संघ होता. त्याच दिवशी, त्याच वेळी, शेजारच्याच मैदानावर. हे मला कळलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. गाडीत मागची सीट रिकामीच जायची. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी विचारलं नाही आणि त्यांना सुचलं नाही, इतकंच.

त्याच्या कारकिर्दीबद्दल खोटं बोलणार नाही. तो भरवशाचा डावा बचावपटू होता. चमकणारा नव्हता. एकदा कप जिंकला, तेव्हा तो गुडघ्याला पट्टी बांधून बाकावर बसला होता. पण आमच्या घराचं घड्याळ त्याच्यावर चालायचं. रविवारचं जेवण सामन्याच्या आधी की नंतर, हे तो कुठे खेळतोय त्यावर ठरायचं. माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याची चर्चमधली तारीख दोनदा बदलली, कारण मामाचा सामना बाहेरगावी. आणि तो स्वतः कधी मिरवला नाही. त्याला गरजच नव्हती, ते काम आम्ही सगळे करत होतो.

चौतिसाव्या वर्षी गुडघ्याने साथ सोडली. मग शहरात काही वर्षं कुठल्या कुठल्या शाळेत खेळ शिकवले, मग घटस्फोट झाला, आणि दोन वर्षांपूर्वी तो गावात परत आला. धक्क्याजवळच्या इमारती लाकडाच्या दुकानात लागला. पुरुष एक फळी घ्यायला जातात आणि अर्धा तास परत येत नाहीत. माझा नवरा माग्नेसुद्धा. मागच्या वर्षी आमच्या लाकडी गच्चीला लागल्या त्याच्या दुप्पट फळ्या आल्या.

तो आईकडे आला की साय आणि स्ट्रॉबेरीचा केक होतो आणि सोनेरी कडेचे कप निघतात. मी जाते तेव्हा थर्मासमधली कॉफी असते. “तू काय, घरचीच,” आई म्हणते.

माझ्याकडे एकच गोष्ट होती जिच्यावर त्याचं नाव नव्हतं. माझा संघ.

नऊ वर्षांपूर्वी माझी धाकटी सहा वर्षांची होती आणि मुलींना शिकवायला कुणी मिळेना, म्हणून मी हो म्हटलं. धाकटी दहाव्या वर्षी हँडबॉलकडे गेली. मी राहिले. मंगळवार आणि गुरुवार, साडेपाच. त्यासाठी वृद्धाश्रमातल्या माझ्या पाळ्या मी नऊ वर्षं अदलाबदल करत आले आहे, ख्रिसमसच्या पाळ्या घेऊन मंगळवार सोडवले आहेत. चौदा मुली. कुणाच्या आईवडिलांचं बिनसलंय, कुणाचे बूट चुलत बहिणीचे आहेत, कुणाचं पोट महिन्याच्या कुठल्या आठवड्यात दुखतं, सगळं मला ठाऊक. घरोघर टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकून आम्ही नव्या जर्सी घेतल्या. या उन्हाळ्यात त्या पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेला ओस्लोला जाणार होत्या.

आता आमच्या गावच्या फुटबॉल क्लबची वार्षिक सभा कशी चालते ते सांगायला हवं. मार्चमध्ये असते, संध्याकाळी सहाला, क्लबच्या घरात. कामं सगळी फुकटची, म्हणून ती कुणालाच नको असतात आणि सोडवतही नाहीत. दरवर्षी खजिनदार म्हणतो, आता कुणीतरी तरुण बघा. गवत कापणारा म्हणतो, माझी पाठ गेली. मी म्हणते, नऊ वर्षं झाली, आता दुसऱ्या कुणीतरी घ्यावं. मग सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघतात. कुणीतरी खोकतं. अध्यक्ष हालवार म्हणतो, “मग सिग्रूनच पुढे?” टाळ्या पडतात, मी मान डोलावते आणि सगळे वॉफल खायला उठतात. ती टाळी हा माझा वर्षाचा पगार. ती मिळवायची तर आधी सोडते म्हणावंच लागतं. न म्हणता नुसतं ‘मला पुढेही हवंय’ म्हटलं तर गाव म्हणेल, स्वतःला कोण समजते ही.

या मार्चला स्टाइनार सभेला आला. सोळाव्या वर्षी गाव सोडलेला माणूस, आयुष्यातली त्याची ही पहिली सभा. आई म्हणाली होती, “जा रे, चार माणसांत बस.”

माझा नंबर आला. मी म्हटलं, “नऊ वर्षं झाली. आता दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, असं मला वाटतं.”

सगळ्यांनी कपात बघितलं. आणि स्टाइनारने हात वर केला.

“मी घेतो,” तो म्हणाला. “तिला दमायला झालं असेल तर मी घेतो की. मंगळवारी मला काहीच नसतं.”

कुणी खोकलं नाही. हालवार माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं, खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. एक शब्द पुरला असता.

“सिग्रून? तुला काय वाटतं?”

“छानच की,” मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. इतक्या मोठ्या की बाहेर उभा असलेला कुणाचा तरी कुत्रा भुंकला. मीही वाजवल्या.

गाडीत माग्ने म्हणाला, “तू ‘नाही’ का म्हणाली नाहीस?”

“तूच का नाही म्हणालास?”

“मी कसा म्हणणार? तुझा संघ.”

“आता नाहीये.”

“पण एक आहे,” त्याने गियर बदलला, “मुलींना खरा व्यावसायिक खेळाडू मिळतोय...”

“माग्ने, गप्प बस.”

प्रशिक्षक बदलला तरी क्लबच्या कामाची यादी बदलत नाही. त्या महिन्यात सामन्यांच्या दिवशी वॉफलच्या टपरीत माझी पाळी होती. पहिल्या सामन्याला मी खिडकीतून बघत होते. पीठ ओतायचं, साचा मिटायचा, ब्राउन चीजचे काप काढायचे आणि मध्येच मान वर करायची. मुली वॉर्म-अप करत होत्या. माझ्या वेळी त्या गप्पा मारत पळायच्या. आता गप्प होत्या. स्टाइनार हळू बोलत होता, आणि ते ऐकू यावं म्हणून चौदाच्या चौदा पुढे झुकल्या होत्या. मी नऊ वर्षं ओरडत होते.

तिरिल कर्णधार. सहा वर्षांची असताना बुटाची नाडी बांधायला माझ्याकडे यायची. मध्यंतराला टपरीशी आली.

“सिग्रून, तुला माहितीये? स्टाइनार म्हणतो, माझा पास राष्ट्रीय संघातल्या पोरींसारखा आहे!”

“हो?”

“तू कधी बोलली नाहीस.”

“बोलले होते. मागच्या ऑगस्टमध्ये.”

“हो?” ती म्हणाली. “मला आठवत नाही. साखरेचं एक दे ना.”

त्या सामन्यात त्या चार-एकने जिंकल्या. मला खरंच वाटलं होतं की हराव्यात. पहिला गोल त्यांनीच खाल्ला तेव्हा माझ्या हातातला साचा जरा जोरात मिटला आणि उघडायचा राहिला. वॉफल जळलं आणि ते मी स्वतःच खाल्लं.

एका शुक्रवारी सुट्टी घेऊन मी लाकडाच्या दुकानात गेले. स्टाइनार करवतीशी होता, कानावर आवाज अडवणारे मफ चढवलेले. शेजारी दोन गिऱ्हाइकं, त्यातला एक आमचा जुना शिक्षक. मला वाटलं होतं, एकटा सापडेल. तो एकटा कधीच नसतो.

“फळी हवीये?” त्याने मफ खाली ओढले.

“फळ्या भरपूर आहेत. मला माझा संघ परत हवाय.”

शिक्षकाने खिळ्यांच्या डब्यात डोकं घातलं.

“म्हणजे?”

“म्हणजे मला सोडायचा नव्हता.”

“तू तर म्हणालीस, दुसऱ्या कुणीतरी घ्यावा.”

“दरवर्षी म्हणते मी.”

“मग म्हणतेस कशाला?”

“सगळे म्हणतात! खजिनदार बारा वर्षं सोडतोय. हात वर करायचा नसतो, स्टाइनार. कपात बघायचं असतं.”

तो हसायला लागला. मोठ्याने, मान मागे टाकून. शिक्षकही खिळ्यांच्या डब्यात हसला. माझे कान तापले.

“हसू नकोस. माझ्याकडे तेवढंच होतं. तुझ्याकडे बाबांची गाडी होती, आईची भिंत आहे, माझा नवरासुद्धा तुझ्याकडे येऊन बसतो. चौदा पोरी होत्या माझ्या. त्याही तू एका महिन्यात...” आयुष्यात एवढं लांब वाक्य मी त्याच्याशी बोलले नव्हते.

तो थांबला. लाकडाचा भुसा हातावरून झटकला.

“अगं, मग घे की,” तो म्हणाला. “एवढंच ना? मला काय, मी मंगळवारी पोहायला जाईन.”

एवढंच ना. तो भांडला असता, नाही म्हणाला असता, तर मला बरं वाटलं असतं. मी महिनाभर झोप घालवली ती गोष्ट त्याने फळीच्या तुकड्यासारखी माझ्या हातात दिली आणि पुन्हा मफ चढवले.

शनिवारी गावातल्या सगळ्या मोठ्यांना कळलं. आमच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करणारी ओडलाउग मला म्हणाली, “काय मन आहे गं तुझ्या भावाचं! बहिणीसाठी सोडला म्हणे संघ.” हालवारने क्लबच्या पानावर त्याचे आभार मानले, फोटोसकट. माझं नाव दुसऱ्या ओळीत होतं. रविवारी आईने केक केला. सोनेरी कडेचे कप काढले.

“बघ,” आई मला म्हणाली, “त्याने तुझं मन राखलं. तू पण थोडं समजून घे त्याला.”

“काय समजून घेऊ, आई?”

“एकटा असतो तो.”

“आणि मी?”

“तू काय, घरचीच,” तिने मला केक वाढला. पहिल्यांदाच मी दुसरा तुकडा मागून घेतला. “अजून एक दे,” म्हटलं. आईने चकित होऊन दिला.

मंगळवारी साडेपाचला मी मैदानावर गेले. खूप वारा होता, सरावाचे प्लास्टिकचे शंकू उडत होते. मुली एकेक करून आल्या. तिरिल माझ्या मागे बघत होती, पार्किंगकडे.

“स्टाइनार?”

“नाही येणार. मी आहे.”

“आज?”

“आजपासून.”

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. चौदा चेहरे मला पाठ आहेत, ते पडलेले दिसले नाहीत असं म्हणता येणार नाही. एकीने ‘अरे’ म्हटलं, हळूच, आणि लगेच बुटाकडे बघायला लागली. तिरिल चांगल्या घरची, ती म्हणाली, “बरं झालं, सिग्रून.”

“तुला बरं वाटत नाहीये,” मी म्हणाले. “तुला तो हवा होता.”

ती लाल झाली. असं तोंडावर बोलायची तिला सवय नव्हती. मलाही नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “थोडा.”

“मला तुम्ही हव्या होतात म्हणून मी परत मागितला. चला, दोन फेऱ्या.”

मी शिट्टी वाजवली. त्या धावायला लागल्या. थोड्या रमतगमत, गप्पा मारत, पण धावल्या.