आबांच्या खाटेवरून दिसणारी भिंत

पितांबर बाजारात आवडलेली वस्तू पहिल्या फेरीत घेत नसे. घरी येऊन आधी तिची जागा बघे. जागा सापडली तरच पुढच्या बाजारी परत जाई. दुसऱ्याच्या घरी गेला की चहा येईपर्यंत भिंतींकडे पाही. बोलत मात्र नसे. जत्रेतून मुलीसाठी भिंगरी आणी, स्वतःसाठी काही नाही. घरातली फुलदाणी अधूनमधून उचलून आत ठेवी आणि लताबाईंना, म्हणजे त्याच्या बायकोला, तिची आठवण होते का ते बघत बसे.

जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो कारकून होता. तिथल्याच पिंप्राळ्यात भाड्याची खोली होती. मी नुकताच बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसायला जाई. खोलीत ती फुलदाणी, लताबाईंनी विणलेलं मण्यांचं तोरण आणि एक आरसा. बाकी भिंती मोकळ्या. ती खोली मला मोठी वाटे. ती मोठी नव्हती.

त्याची आई गेली आणि धरणगावजवळच्या गावी वडील एकटे राहिले. तोतारामआबा. पितांबरनं त्यांना जळगावला आणलं. आबा बैलगाडीत मावेल ते घेऊन आले. त्यात देवांची कॅलेंडरं मुख्य. दर दिवाळीला अडत्यांकडून कॅलेंडर मिळे. साल संपलं तरी देवाचं चित्र टाकायचं कसं, म्हणून आमच्याकडे कुणी ते उतरवत नाही. नवं शेजारी लागतं. आबांनी खोलीत पाऊल ठेवलं आणि चारी भिंती पाहिल्या.

"हाई घर शे का ठेसन?"

"ठेसनवर गर्दी ऱ्हास, आबा," पितांबर म्हणाला.

आबा हसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळे देव भिंतीला लावले. लताबाईंना पदर खोचून अंग चोरून वावरावं लागलं. पितांबरनं आठवडा तसाच काढला. मग एकदा आबा भजनाला गेले असताना त्यानं कॅलेंडरं उतरवली, धुतलेल्या धोतरात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. त्याला वाटलं, देवांचा मान राखला, झालं.

आबा परतले.

"मना देव कोठे गयात?"

त्यानं माळ्याकडे बोट दाखवलं. सकाळी आबा माळ्यावरचं गाठोडं घेऊन गावी निघून गेले. वडील पुन्हा येणार नाहीत, या विचारानं पितांबरला जेवण जाईना. गावी त्यांना पाणी द्यायलाही कुणी नव्हतं. लताबाई त्याला म्हणाल्या की तुम्ही तुमच्या डोळ्यांनी निवडलं, त्यांच्या नाही. तो रागावला नाही. रविवारी मला सोबत घेऊन तो गावी गेला.

आबांनी कॅलेंडरं पुन्हा जुन्या जागी लावली होती. पितांबर भिंतीपुढे मांडी घालून बसला आणि एकेका देवाबद्दल विचारू लागला. आबांना अक्षर येत नव्हतं. साल त्यांना आकड्यानं नाही, देवानं ठाऊक होतं.

"ह्या गणपतीना सालमा तू मॅट्रिक व्हयना. ह्या दत्तना सालमा तुनी माय गई. हाई लक्ष्मी, सूनबाई उनी त्या सालनी."

"आनि हाई?"

आबांनी डोळे बारीक केले. "हाई काय नही. त्या साले नुसती कपाशी व्हयनी."

आम्ही तिघं हसलो. मग आबा स्वतःच उठले आणि नुसत्या कपाशीची सालं उतरवू लागले. ती आम्ही गिरणा नदीत सोडली. उरले तीन देव. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की येतो, असं आबांनी कबूल केलं.

जळगावला परतून पितांबरनं खोलीच्या भिंतीला चुना दिला. तीन चौकटी सुताराला सांगितल्या. आबांची खाट समोर टाकली आणि स्वतः तिच्यावर आडवा झाला. मी चौकट धरून उभा. तो खाली घे म्हणे, वर घे म्हणे. आबांना मान न वळवता दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. गणपती लागला. दत्त लागला. लक्ष्मीची चौकट सुताराकडून यायची होती.

ती आणायला तो भर दुपारी गेला. घरी आला, चौकट भिंतीला टेकवली आणि पाणी मागितलं. ऊन लागलं होतं. दवाखान्यात नेलं, पण दिवेलागणीला तो वारला. आखाजी तोंडावर होती. मला अजून समजत नाही. मी त्याच्या ओट्यापर्यंत जातो आणि मग आठवतं.

आबा आले. परत गेले नाहीत. दुपारभर त्या खाटेवर पडून असतात. मुलगी त्यांच्या उशाशी खेळते. लताबाईंनी मला एकदा विचारलं, लक्ष्मी किती उंच लावायची ते ह्यांनी काही सांगितलं होतं का. नव्हतं सांगितलं. खाटेवर आडवं होऊन तो ते ठरवणार होता. चौकट खाली, भिंतीला टेकलेली आहे.