समुद्रफूल आणि बोअरचं पाणी

राहात्यात मोटर वाइंडिंगचं दुकान असलेल्या या माणसाचा मला रागच यायचा. लोक टँकरची वाट बघतात आणि हा काचेच्या टाकीत खारं पाणी करून समुद्र पाळतो! शेतातलं खत बोअरच्या पाण्यात उतरतंय, हे सांगणारी पत्रकं मी गावभर वाटते; त्याला दिलं तर त्यात त्यानं स्क्रू बांधले.

मग त्याच्या टाकीतलं समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, आक्रसलं. जळालेली मोटर तपासावी तसं त्यानं मीठ, दिवा, पंप सगळं पाहिलं. शेवटी टाकीत ओतायचं बोअरचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात खत तपासायचे थेंब टाकले. पाणी लालभडक झालं.

"ताई, तुमचं खरं हुतं. लई खत हाय ह्यात."

आता आरओच्या शुद्ध पाण्यावर फूल पुन्हा फुललंय. ती लाल नळी गल्ल्यावर उभी असते. शेजारी माझी पत्रकं. गिऱ्हाईक आलं की हा दरडावतो, "आधी वाचा, मंग मोटर न्या."